प्रेरणा आणि प्रोत्साहन: श्रमदान संपल्यावर गावाला नेमके काय लागते?

माणदेशी यांचा प्रश्न

नमस्कार. माण तालुक्यातील एका लहान गावाच्या पाणलोट समितीत मी काम करतो. आमच्या समितीत सध्या एक वाद चालू आहे. तो केवळ आमच्या गावापुरता नसावा, असे वाटल्याने येथे मांडत आहे.

२०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतील ११६ गावांत 'सत्यमेव जयते वॉटर कप' ही जलसंधारणाची स्पर्धा पहिल्यांदा झाली आणि आमच्याच सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने ती जिंकली, तेव्हापासून आमच्या भागात पाण्याच्या कामाची चर्चा सुरू झाली होती. २०१८ साली तर आमच्याच तालुक्यातील टाकेवाडीने पहिला क्रमांक मिळवला. आमचे गावही एका वर्षी स्पर्धेत उतरले. स्पर्धेच्या त्या पंचेचाळीस दिवसांत गावाने जे काम केले, ते मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही पाहिलेले नाही. ए-फ्रेमने समपातळी रेषा आखून डोंगराच्या माथ्यापासून समतल चर खोदले गेले, ओघळींवर दगडी बांध पडले, एकमेकांच्या बांधावर पाय न ठेवणारी दोन घराणी एकाच चरात उतरली आणि मुंबईत माथाडीचे काम करणारी मुले रजा टाकून गावी आली. आम्हाला बक्षीस मिळाले नाही; मात्र पहिल्याच चांगल्या पावसात विहिरींची पातळी वाढली.

अडचण त्यानंतरची आहे. पाणी दिसू लागताच बोअर घेणाऱ्यांची रांग लागली, ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला आणि डोंगरावरचे चर गाळाने भरत गेले. आता गाळ काढण्यासाठी दवंडी दिली, तर समितीचे सदस्य आणि त्यांच्या घरचे लोक सोडले तर फारसे कोणी येत नाही.

यावर समितीत दोन मते आहेत. एका गटाचे म्हणणे असे की, वस्त्यावस्त्यांमध्ये स्पर्धा लावावी, जी वस्ती सर्वांत अधिक चर मोकळे करील तिला रोख बक्षीस द्यावे आणि रोजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावेत. दुसऱ्या गटाला हे पटत नाही. पैशाच्या आशेने आलेला माणूस पैसा संपला की जातो, म्हणून एखादा नामवंत व्याख्याता बोलावून तरुणांना प्रेरित करावे, असे त्यांना वाटते. व्याख्यात्याचे मानधन आणि बक्षिसाची रक्कम जवळपास सारखीच असल्यामुळे दोन्ही करणे शक्य नाही, हा भाग वेगळा.

लोकांना प्रेरणा देणे आणि लोकांना प्रोत्साहन देऊन कामाला लावणे यांत खरोखर काही मूलभूत फरक आहे का? असल्यास आमच्यासारख्या ठिकाणी कशाची गरज आहे? पूर्वी झाले ते यांपैकी नेमके काय होते, हेही मला आज नीट सांगता येत नाही.

---

अध्यापक यांचे उत्तर

माणदेशी, मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे प्रश्नाच्या पहिल्या भागापासून आरंभ करतो.

फरक आहे. प्रोत्साहनात काम करणारा, काम आणि फळ अशा तीन गोष्टी असतात आणि फळाची दोरी कोणातरी तिसऱ्याच्या हाती असते. फळ रोख रकमेचे असेल, फळ्यावरील क्रमांकाचे असेल, शाबासकीचे असेल किंवा दंड टळण्याचे असेल. प्रेरणेत अशी दोरी नसते. थ्रॅश आणि एलियट या मानसशास्त्रज्ञांनी २००३-०४ च्या सुमारास प्रेरणेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना तिची तीन लक्षणे आढळली: ती ठरवून आणता येत नाही, तर बाहेरच्या कशाने तरी जागी होते; ती माणसाला त्याच्या नेहमीच्या हिशेबापलीकडचे काही दाखवते; आणि जे दिसले ते प्रत्यक्षात आणण्याची ओढ तिच्यात असते. त्यांनी आणखी एक भेद केला आहे, जो आपल्या समितीतील दुसऱ्या गटाने अवश्य लक्षात घ्यावा. एखाद्या गोष्टीने भारावून जाणे हा प्रेरणेचा एक भाग, आणि त्यामुळे काही विशिष्ट करावेसे वाटणे हा दुसरा. व्याख्यानाने पहिला भाग सहज साधतो. दुसरा साधायचा, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला लागेल असे नेमके काम समोर असावे लागते, आणि ते व्याख्याता आणून देऊ शकत नाही.

आता बक्षिसाविषयी. बक्षीस मूळची आवड मारते, असे सरसकट म्हटले जाते आणि त्यासाठी दोन जुन्या प्रयोगांचा दाखला देतात. १९७१ साली एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ज्यांना मध्येच त्यासाठी पैसे दिले आणि नंतर बंद केले, ते मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळू लागले. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांना त्यासाठी प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितले, तेव्हा पुढे ती मुले इतरांच्या तुलनेत साधारण निम्माच वेळ चित्रे काढताना आढळली. विशेष म्हणजे ज्यांना तेच प्रशस्तिपत्र पूर्वकल्पना न देता नंतर मिळाले, त्यांच्या आवडीत घट झाली नाही. म्हणजे बिघाड वस्तूत नव्हता, आधी ठरलेल्या सौद्यात होता.

परंतु हे प्रयोग मुळात आवडत्या कामांवरचे आहेत, हे बहुतेक जण सांगायचे विसरतात. डेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अशा शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. कंटाळवाण्या कामांत बक्षिसाने आवड कमी होत नाही, असे त्यातून दिसते, कारण कमी होण्यासारखी आवड तेथे नसतेच. मे महिन्याच्या उन्हात चरातला गाळ उपसणे हे काही कोणाच्या आवडीचे काम नाही. तेव्हा गाळासाठी बक्षीस ठेवल्याने गावाची नीतिमत्ता ढासळेल, अशी भीती दुसऱ्या गटाने बाळगू नये.

मात्र ऊस लावणे किंवा न लावणे याला मी या हिशेबात धरणार नाही. तेथे प्रश्न श्रमाचा नसून संयमाचा आहे, आणि संयमाला किंमत लावली की काय होते, याचे एक उदाहरण इस्राएलमधील हैफा शहरातील पाळणाघरांचे आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना तेथे दंड सुरू केला, तेव्हा उशीर करणारे कमी होण्याऐवजी वाढले. दंड भरला की आपण उशीर विकत घेतला, अशी पालकांची समजूत झाली आणि दंड मागे घेतल्यावरही पूर्वीची लाज परत आली नाही. गावात ऊस लावणाऱ्याला किरकोळ दंड ठेवलात, तर तो दंड भरून ऊस लावेल, आणि तेही ताठ मानेने.

---

कऱ्हाकाठ यांचे उत्तर

मी पुरंदर तालुक्यातील आहे आणि पाण्याच्या चळवळी जवळून पाहिल्या आहेत. अध्यापकांनी सांगितलेले प्रयोग उद्बोधक आहेत. परंतु ठोकळे सोडवणारा विद्यार्थी आणि रान पडीक पडलेला शेतकरी यांत अंतर आहे, म्हणून आमच्याकडचे उदाहरण सांगतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे अभियंते-उद्योजक आमच्या तालुक्यात नायगावला आले. त्यांनी देवस्थानची सुमारे चाळीस एकर ओसाड, उताराची जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि तेथे स्वतः काम सुरू केले. बांधबंदिस्ती, चर, पायथ्याला पाझर तलाव, खाली विहीर आणि तिचे पाणी उपसून पुन्हा वर, अशी ती रचना होती. लोक प्रथम हसले, हे सांगायला नकोच. ज्या जमिनीत कुसळाखेरीज काही येत नव्हते तेथे धान्य उभे राहिले, तेव्हा आजूबाजूच्या गावांतील शेतकरी आपण होऊन विचारायला आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. मी प्रेरणा म्हणतो ती याला. त्यात भाषण जवळजवळ नव्हते. डोळ्यांना दिसणारे शेत होते, आणि ते आपल्याच पावसावर, आपल्यासारख्याच मुरमाड जमिनीत पिकले होते.

पण कथा तेथे संपत नाही, आणि बहुतेक लोक ती तेथेच संपवतात. साळुंखे यांनी आलेल्या शेतकऱ्यांना पाणी पंचायतीचे नियम दिले. योजना एकट्याची नसेल, गटाची असेल. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल, माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढे. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः उभा करायचा. भूमिहीनालाही पाण्यात वाटा राहील. हे नियम मान्य करण्यासाठी लोकांनी रात्ररात्र वाद घातले. शेत पाहून जागी झालेली ओढ या नियमांच्या चौकटीत बसली, म्हणून ती टिकली. जेथे चौकट ढिली झाली तेथे योजनाही ढिल्या झाल्या.

हिवरे बाजारचे तेच आहे. पोपटराव पवार १९९० च्या आसपास सरपंच झाले आणि श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन ही सूत्रे गावाने घेतली, हे सर्वांना पाठ असते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि त्या वर्षी पाऊस किती पडला ते पाहून ग्रामसभेने पिके ठरवायची, हा त्यातला कठीण भाग. गावोगावच्या गाड्या तेथे अभ्यासदौऱ्याला जातात, लोक हिरवा डोंगर पाहतात, जेवतात, भारावून परततात आणि पुढच्या हंगामात पुन्हा बोअरचे यंत्र बोलावतात. त्यांनी पाहिलेली असते ती अनेक वर्षांनंतरची हिरवळ. आपली गाय डोंगरावर सोडायची नाही, हे ज्या ग्रामसभेत मान्य करावे लागले, ती ग्रामसभा कोणत्याच अभ्यासदौऱ्याला दिसत नाही.

तेव्हा माणदेशी, आपल्या दोन्ही गटांना माझे उत्तर असे की, आपल्या गावात ओढ जागी होऊन गेलेली आहे. ती जागी होती त्या दिवसांत पाणी आल्यावर ते वापरायचे कसे, याचा निर्णय झाला नाही. खोदण्याची स्पर्धा झाली, वाटपाची सभा राहून गेली.

---

चाकोरीबाहेर यांचे उत्तर

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. गावाचा मला अनुभव नाही, तरीही थोडे विरुद्ध बोलतो.

प्रेरणा उच्च आणि प्रोत्साहन हलके, अशी एक उतरंड या चर्चेत न सांगता येऊ लागली आहे. आमच्या क्षेत्रात मी याच्या उलट पाहतो. पगारवाढ द्यायची नसली की व्यवस्थापनाला ध्येय, कुटुंबभावना आणि प्रेरणा आठवते. वर्षअखेरीस एखादे जोशपूर्ण भाषण ठेवले जाते, टाळ्या पडतात, आणि सोमवारी सगळे पूर्ववत सुरू होते. त्यापेक्षा बोनस प्रामाणिक असतो. काय केले तर काय मिळेल, हे त्यात लिहिलेले असते आणि न मिळाल्यास माणूस भांडू शकतो. प्रेरणा देणाऱ्याशी भांडायची सोय नसते.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले आहे की, पगार, सोयी, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो. त्या सुधारल्याने नाराजी जाते, पण कामाचा उत्साह त्यांतून येत नाही. तो कामातूनच, त्यातल्या जबाबदारीतून आणि काहीतरी साध्य केल्याच्या जाणिवेतून येतो. मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी नाराजी दूर करा आणि मग उत्साहाची अपेक्षा धरा. आपल्या गावात गाळ काढायला लोक का येत नाहीत, हे कोणी त्यांना विचारले आहे का?

---

माणदेशी

सर्वांचे आभार. चाकोरीबाहेर यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. औपचारिकपणे विचारले नव्हते. परंतु येथे लिहिल्यानंतर मी दोन वस्त्यांवर जाऊन बसलो आणि जे ऐकले ते थोडे अस्वस्थ करणारे आहे. डोंगराच्या पायथ्याला ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांना चरांचा लाभ सर्वाधिक होतो, आणि आज ऊसही मुख्यतः त्यांचाच आहे. गावाच्या वरच्या अंगाला जी वस्ती आहे, तेथील बहुतेकांना एक तर जमीन नाही किंवा आहे ती कोरडवाहू. स्पर्धेच्या दिवसांत सर्वांत अधिक हात याच वस्तीवरून आले होते. 'तेव्हा गावाचे नाव होणार होते, म्हणून आलो. आता कोणाच्या उसासाठी यायचे?' असे एका आजींनी मला विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

कऱ्हाकाठ, वाटपाची सभा राहून गेली, हे आपण म्हणालात ते खरे आहे. ती आता घेता येईल का, की वेळ निघून गेली?

---

रानवाट यांचे उत्तर

मी बीड जिल्ह्यात भूमिहीन आणि ऊसतोड कुटुंबांतील स्त्रियांच्या बचत गटांबरोबर काम करते. ही चर्चा आतापर्यंत वाचत होते. त्या आजींचे वाक्य वाचल्यावर लिहावेसे वाटले.

प्रेरणा आणि प्रोत्साहन यांतील फरक सांगताना कोणाला प्रेरणा द्यायची आणि कशासाठी, हे आधी विचारले पाहिजे. जमीनदाराने स्वतःच्या शिवारासाठी केलेले श्रमदान आणि भूमिहीन बाईने दुसऱ्याच्या विहिरीसाठी केलेले श्रमदान यांना एकच नाव देऊन आपण मोठी गल्लत करतो. पहिले त्याच्या दृष्टीने गुंतवणूक असते. दुसऱ्यात तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. त्या दिवशी सायंकाळी तिच्या घरी काय शिजले, हे फळ्यावरच्या आकड्यांत येत नाही. अशा माणसाला भाषणाने प्रेरित करणे म्हणजे त्याच्याकडून गोड शब्दांत वेठ घेणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे, मग भाषण करणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात याच राज्यात लाखो माणसे रोजगार हमीच्या कामांवर होती. त्यांनी बांध घातले, तलाव खोदले, खडी फोडली, आणि त्यांना कोणीही प्रेरणादायी भाषण ऐकवले नाही. काम मागण्याचा अधिकार आणि कामाचा मोबदला, एवढेच त्यामागे होते. पुढे १९७७ साली त्याचा कायदा झाला. त्या कामांवर गेलेल्या बायकांच्या बोलण्यात हालांबरोबर एक अभिमानही असतो. अमुक तलाव आमच्या हातचा आहे, असे त्या सांगतात. म्हणजे मजुरी घेऊन केलेल्या कामाविषयीही आपलेपणा वाटू शकतो. पैसा आला की आपलेपणा गेलाच, हे समीकरण पोट भरलेल्या माणसाने मांडलेले असावे.

उलट बाजूही सांगते, नाहीतर मी प्रेरणेच्या विरोधात आहे असे वाटेल. आमच्या गटांत एक स्त्री आहे. ती स्वतः शाळेत गेलेली नाही. गटाच्या हिशेबाची वही दर महिन्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते याचा तिला राग येई, म्हणून ती मोठ्या वयात आकडे लिहायला शिकली. तिने कोणाला शिका म्हणून सांगितले नाही. ती सभेत वही स्वतः वाचू लागली, एवढेच झाले, आणि त्यानंतर तिच्या गल्लीतील इतर बायका पाटी घेऊन तिच्या ओट्यावर बसू लागल्या. आम्ही कार्यकर्त्यांनी त्याच गल्लीत साक्षरतेवर पुष्कळ बोलून पाहिले होते. आमचे बोलणे चुकीचे नव्हते. पण आम्ही शिकलेलो होतो आणि ती त्यांच्यातली होती. एवढी साधी गोष्ट समजायला आम्हाला फार वेळ लागला, असे मला आज वाटते.

म्हणून आपल्या समितीला माझी सूचना अशी आहे. वरच्या वस्तीला प्रेरणा देण्याचा विचार सोडून द्यावा. चरांचा गाळ काढण्याचे काम रोजगार हमीच्या आराखड्यात बसते का, ते ग्रामसेवकांकडून तपासून घ्यावे आणि त्या वस्तीला मजुरी मिळवून द्यावी. व्याख्यात्याला द्यायचे पैसे त्यात घालता आले तर अधिकच चांगले. आणि ज्याची विहीर भरते त्याच्याकडून काही मागायचे असेल, तर ते बक्षिसाने मागू नये. हक्काने मागावे.

---

अध्यापक

रानवाट यांच्या म्हणण्याला मी एक जोड देतो. शाबासकी, स्पर्धा, मोबदला ही साधने माणसाच्या मनात 'मला कोणी चालवत आहे' अशी भावना निर्माण करतात का, यावर बरेच काही अवलंबून असते. डेसी आणि रायन यांच्या सिद्धान्तात स्वायत्तता, कार्यक्षमतेची जाणीव आणि आपलेपणाचे नाते या तीन गरजा मूलभूत मानल्या आहेत. ज्या मजुरीचा दर खुला असतो, जी मागून मिळते आणि जिच्यामुळे मिंधेपणा येत नाही, ती स्वायत्ततेला बाधत नाही. त्यामुळे रोजगार हमीवरील स्त्रियांचा अभिमान आणि प्रयोगशाळेतील निष्कर्ष यांत विरोध नाही.

गाडगेबाबांचे उदाहरण येथे कोणी दिले नाही, याचे आश्चर्य वाटते. ते गावात आले की प्रथम झाडू घेऊन रस्ता झाडायला लागत आणि कीर्तन रात्री होई. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. दिवसभर हा फाटक्या वेषातील माणूस आपल्या दारापुढची घाण काढतो आहे, हे पाहिलेल्या लोकांसमोर ते रात्री उभे राहत. शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि त्यात गावांना बक्षिसे ठेवली, तेव्हा तेच काम प्रोत्साहनाच्या मार्गाने पुढे नेण्याचा तो प्रयत्न होता. त्या अभियानाने अनेक गावे खरोखर झाडून निघाली, हे मान्य केले पाहिजे. पण परीक्षण समिती येण्याच्या आदल्या दिवशी आणि ती गेल्याच्या महिन्याभरानंतर एकच गाव पाहण्याची ज्यांना संधी मिळाली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

---

कऱ्हाकाठ

माणदेशी, आपण विचारलेत की वेळ निघून गेली का. नाही, मात्र आता ती सभा अवघड होईल, कारण तेव्हा पाणी नव्हते आणि आता काही जणांच्या ताब्यात आहे. नसलेल्या गोष्टीची वाटणी करणे नेहमी सोपे असते.

सभेपूर्वी आकडे हातात घ्या. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी झाले. आपल्या गावाचे क्षेत्र एक हजार हेक्टर आणि वर्षाचा पाऊस साडेचारशे मिलिमीटर धरला, तर साडेचारशे कोटी लिटर पाणी गावावर पडते. ऐकायला हे फार वाटते. पण त्यातले बरेचसे वाफ होऊन आणि वाहून जाते आणि थोडा भागच विहिरींपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या बाजूला एक हेक्टर ऊस पाटपाण्यावर वर्षाला ढोबळमानाने दोन कोटी लिटर पाणी पितो. रब्बी ज्वारीला त्याचा पाचवा हिस्सा पुरतो. हे गणित गावातल्या शाळेच्या मुलांकडून फळ्यावर मांडून घ्या. समितीने मांडले, तर त्यात राजकारण शोधले जाईल.

आणि एक करा. ऊस असलेल्यांपैकी ज्याला गावात मान आहे, असा एक जण शोधा, आणि सभेच्या आधी एका हंगामासाठी तो ऊस मोडून दुसरे पीक घेईल का, हे त्याच्या घरी जाऊन विचारा. त्याला बक्षीस देऊ नका, त्याचा सत्कारही करू नका. सत्कार झाला की तो वेगळा माणूस ठरतो आणि बाकीचे सुटतात.

---

माणदेशी

तसा एक जण आहे. त्यांच्याकडे समितीतील दोघे काल जाऊन आले. त्यांनी होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. तुटलेला ऊस गेल्यावर खोडवा (त्याच खोडांवरचे पुढचे पीक) ठेवायचा की नाही, ते तेव्हा पाहू, एवढे म्हणाले. त्यांच्या मुलाला मात्र हे पसंत नाही आणि त्याने ते आमच्यासमोरच सांगितले.

रोजगार हमीबाबत ग्रामसेवकांनी चरांच्या दुरुस्तीचे काम आराखड्यात घेण्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागेल, असे सांगितले आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो विषय ठेवत आहोत आणि पिकांचा विषय त्याच दिवशी घ्यायचा नाही, असे ठरले आहे. दोन्ही एकत्र घेतले, तर पहिलाही अडकेल अशी भीती आहे. व्याख्याता बोलावण्याचा प्रस्ताव तूर्त मागे पडला आहे. बक्षिसाचा प्रस्ताव मागे पडलेला नाही. खालच्या वस्तीतील तरुणांना आपापसांत स्पर्धा हवीच आहे आणि स्वतःच्या विहिरींवरचे चर ते स्वतः मोकळे करणार असतील, तर त्यांना अडवण्याचे कारण मला दिसत नाही. रक्कम मात्र समितीच्या पैशातून न देता त्यांनीच वर्गणी काढून उभी करावी, असे आम्ही कळवले आहे.

विहिरींच्या पातळीच्या नोंदी कोणी, किती दिवसांनी आणि कोणत्या विहिरींवर घ्याव्यात, याचा अनुभव येथे कोणास असल्यास कृपया लिहावे.

---

कऱ्हाकाठ

दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या तारखेस, पंप सुरू होण्यापूर्वी पहाटे नोंद घ्यावी. निदान तीन विहिरी निवडाव्यात: एक डोंगराच्या पायथ्याची, एक मधल्या शिवारातील आणि एक वरच्या वस्तीच्या जवळची, तिला पाणी कमी असले तरी. मोजपट्टी कठड्यावरील एका पक्क्या खुणेपासून सोडावी आणि ती खूण रंगाने कायम करावी, नाहीतर प्रत्येक जण वेगळ्या जागेवरून मोजतो आणि वर्षाअखेरीस आकड्यांवरच भांडण होते. नोंद घेणाऱ्यांत वरच्या वस्तीतील एक जण असावा आणि त्याला त्या सकाळचा मोबदला द्यावा.